केबल तुटली, तरी इंटरनेट चालू कसे?

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. इंटरनेट उपग्रहावरून येते, असे मानणाऱ्यांना याचे नवल वाटले असेल. प्रत्यक्षात देशोदेशींची बहुतांश माहिती समुद्रतळावरील केबलमधूनच वाहते.

मग ते पूर्ण बंद का पडले नाही? पाठवलेल्या माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, होतात. प्रत्येकावर मुक्कामाचा आयपी पत्ता असतो. वाटेतले राउटर तो वाचून पुढचा मार्ग ठरवतात. पश्चिमेची वाट अडल्यावर बरीच वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवण्यात आली. वाट लांबची, त्यात गर्दी. गर्दीत हरवलेली पॅकेट टीसीपी हा नियमसंच पुन्हा पाठवायला लावतो. त्यामुळे पाने उघडत होती, पण रेंगाळत.