भिंतीवरचे वेळापत्रक आणि दहावीचा भूगोल

रमजानचा चाँद दिसण्याआधीच सहरी-इफ्तारचे वेळापत्रक घरात येते. कुणी मशिदीतून आणतो, कुणाला किराणा दुकानदार देतो. स्वयंपाकघराच्या दाराजवळ ते चिकटते आणि महिनाभर सगळे घर त्याच्याकडे पाहत राहते. गेल्या काही वर्षांत अनेक घरांत त्याच्या शेजारी आणखी एक कागद लागला, दहावीच्या परीक्षेचा. 2025 मध्ये परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि पहिला रोजा 2 मार्चला आला. भूगोलाचा पेपर सगळ्यात शेवटी. तोवर गणित, विज्ञान, इंग्रजीने मुले दमलेली असतात आणि "भूगोल काय, आदल्या दिवशी वाचून होईल" असे घरातले मोठेही म्हणून जातात.

माझी भाचीही तसेच म्हणत होती. पेपरला आठवडा राहिला असताना ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "खाला, रेखावृत्ताचं काही कळत नाही. पाठ करून टाकू का?"

मी तिला भिंतीवरचे वेळापत्रक दाखवले. अनेक वेळापत्रकांच्या तळाशी दुसऱ्या गावांसाठी किती मिनिटे वाढवायची, किती कमी करायची ते छापलेले असते. मी विचारले, "सोलापुरात इफ्तार झाला तरी मुंबईच्या मामूंना आणखी बारा मिनिटे थांबावे लागते. का?"

ती म्हणाली, "तिकडे सूर्य उशिरा मावळतो म्हणून."

"मग बाराच मिनिटे का? वीस का नाहीत?"

इथून अभ्यास सुरू झाला.

एक अंश, चार मिनिटे

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटे. सोलापूर साधारण 75 अंश 54 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, मुंबई 72 अंश 50 मिनिटांच्या आसपास. फरक तीन अंशांहून थोडा जास्त. तीन चोक बारा. नागपूर आपल्या पूर्वेला जवळपास तेवढेच दूर आहे, म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे मगरिब आपल्या बारा-तेरा मिनिटे आधी होते. मार्चमध्येच हा हिशेब इतका सरळ बसतो, कारण 21 मार्चच्या सुमारास सगळीकडे दिवस-रात्र जवळजवळ समान असतात. जून-डिसेंबरमध्ये अक्षांशाचाही परिणाम होतो. हे समजले की अक्षवृत्त आणि रेखावृत्त यांत गोंधळ होत नाही.

पुढचा प्रश्न तिनेच काढला. घड्याळ तर मुंबई, सोलापूर, नागपुरात एकच! कारण भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ते मिर्झापूरजवळून जाते. आपण त्याच्या साडेसहा अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहोत, म्हणून सोलापुरात सूर्य डोक्यावर यायला वर्षाच्या सरासरीने 12 वाजून 26 मिनिटे होतात. जोहरची वेळ बाराला का सुरू होत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळले.

पुस्तकातला ब्राझील

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. मुलांची मुख्य तक्रार हीच असते, ब्राझील कधी पाहिला नाही, मग लक्षात कसा राहणार? उपाय एकच. ब्राझीलची प्रत्येक गोष्ट सोलापूरच्या एखाद्या गोष्टीशी बांधून ठेवायची.

ब्राझीलच्या ईशान्येला 'अवर्षण चतुष्कोन' आहे. मुले हा शब्द घोकतात आणि विसरतात. त्यांना विचारा, आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी का? नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि बहुतेक पाऊस घाटावरच पाडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे पाचशे ते सहाशे. आपण पर्जन्यछायेत आहोत. ब्राझीलमध्ये अटलांटिकवरून येणारे वारे उच्चभूमीच्या 'अजस्र कड्या'ला अडतात आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. सह्याद्रीच्या जागी अजस्र कडा ठेवा, भौगोलिक कारणाचे उत्तर तयार. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलाव्यावर का येते आणि उजनीच्या पाण्यावरून दरवर्षी एवढी चर्चा का होते, हेही त्याच उत्तरात सापडते.

वेळेचेही तसेच. साओ पावलोचे घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास मगरिबची अजान होते, तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. आपण नमाजला पश्चिमेकडे, थोडे उत्तरेला झुकून उभे राहतो. साओ पावलोचा मुसलमान पूर्वेकडे, थोडे उत्तरेला झुकून. मक्का दोघांच्या मधे आहे, हे नकाशावर बोट ठेवून मुलाला स्वतः शोधू द्या. रमजान जूनमध्ये आला तर कुणाचा रोजा लहान, हेही विचारा. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात आहे, जूनमध्ये तिथे हिवाळा आणि दिवस लहान. चाचा आखातात नोकरीला असतील तर ब्राझीलच्या व्यापाराचा धडाही सोपा होतो. ब्राझीलहून कोंबडीचे हलाल मांस मोठ्या प्रमाणात आखाती देशांत जाते.

आकडे थोडेच, पण जोडीने लक्षात ठेवावेत. ब्राझील क्षेत्रफळाने भारताच्या अडीच पटींहून मोठा. 2011 च्या जनगणनेत आपण 121 कोटी होतो, ब्राझीलचे लोक 2010 मध्ये सुमारे 19 कोटी. जमीन जास्त, माणसे कमी, म्हणून लोकसंख्येची घनता कमी. हे एक वाक्य कळले की निम्मा धडा कळला.

अम्मीलाही विचारता येते

"आम्ही सातवीपर्यंत शिकलो, आम्ही काय मदत करणार?" आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य नेहमी ऐकू येते. भूगोल शिकवायला भूगोल यावा लागतो. उजळणी करून घ्यायला लागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. आठवून सांगायला समोर एक ऐकणारा हवा असतो, एवढेच. तो ऐकणारा अम्मी, दादी, धाकटा भाऊ, कुणीही चालेल. "हे असे का?" आणि "मग तिकडे कसे?" हे दोन प्रश्न पुरेत. उत्तर अडखळले की मुलाने स्वतः पुस्तक उघडून पाहावे.

घरातले कामही प्रश्न होऊ शकते. सोलापुरात कितीतरी अम्मी बिड्या वळून मुलांची फी भरतात. जंगलातून तेंदूची पाने तोडणे हा प्राथमिक व्यवसाय, बिडी वळणे द्वितीयक, ती दुकानातून विकणे तृतीयक. चादरीचेही तसेच, कापसाचे शेत, मग यंत्रमाग, मग दुकान. सुपात पाने घेऊन बसलेल्या अम्मीने हा धडा मुलाकडून ऐकावा. दोघांनाही तो जन्मभर आठवेल.

एका घरात मोठी मुलगी मराठी माध्यमात आणि धाकटा उर्दू माध्यमात, असेही आपल्याकडे असते. मोठीचे रेखावृत्त धाकट्याच्या पुस्तकात तूलुल-बलद होते आणि अक्षवृत्त अर्जुल-बलद. तूल म्हणजे लांबी, अर्ज म्हणजे रुंदी, कापडाचा पन्हा असतो तसा. शब्दांच्या जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, मग ताई भावाला शिकवू शकते.

हातचे गुण

भूगोलाचा पेपर 40 गुणांचा. त्यात नकाशाचे 8 आणि आलेखाचे 6, असे 14 गुण हाताच्या सरावाचे आहेत. ते पाठांतराने मिळत नाहीत आणि सराव असेल तर जातही नाहीत. स्टेशनरीच्या दुकानातून भारत आणि ब्राझीलचे कोरे नकाशे आणा. रोज एक भरायचा, एके दिवशी भारत, दुसऱ्या दिवशी ब्राझील. भरताना पुस्तक बंद, भरून झाल्यावर तपासणी. सूची प्रत्येक वेळी काढायचीच. सूचीविना नकाशा म्हणजे पत्त्याविना पत्र. आलेखाला शीर्षक आणि प्रमाण लिहायची सवय आताच लावा. पेपरात नकाशा आणि आलेखाची पुरवणी उत्तरपत्रिकेला नीट बांधली का, हे उठण्याआधी पाहायला सांगा.

रोज्याच्या दिवसांत वेळ निवडूनच घ्यावी लागते. फजरनंतरचा तास डोके ताजे असते, तो नकाशा आणि भौगोलिक कारणांसाठी. असरनंतर घसा कोरडा पडतो, तेव्हा मोठ्याने वाचायला लावू नका, जुने नकाशे नुसते पाहू द्या. तरावीहनंतर वीस मिनिटे तोंडी प्रश्न, मग झोप. सहरीला उठायचे आहे हे विसरू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. असर ते मगरिब ही वेळ मुलाला विश्रांतीची मिळते आणि मुलीला भजी तळायची. दोघांचा पेपर मात्र एकच असतो. माझ्या भाचीच्या घरी त्या आठवड्यात भजी भावाने तळली. पहिल्या दिवशी करपली, सगळ्यांनी हसत खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून बरी जमू लागली. तेवढ्या वेळात ती रोज एक नकाशा भरत होती, आणि इफ्तारला बसल्यावर दादी तिला विचारत होती, "बेटी, आता तुझ्या त्या ब्राझीलमध्ये किती वाजले?"

पेपरच्या सकाळी ते नकाशे तिने एकदा चाळले आणि बाजूला ठेवले. निघताना भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहून म्हणाली, "खाला, आज मामूंचा इफ्तार बारा मिनिटांनी उशिरा." आता ते तिला पाठ करावे लागले नव्हते.