वृद्धाश्रमातील खोकला: तपासायचा कधी, कळवायचा कोणाला?

वर्गात एकाच दिवशी तीन मुले गैरहजर असली तर शिक्षकांचे तिकडे लक्ष जाते. तिघेही एकाच बाकावरचे असले आणि आदल्या दिवशी खोकत होते हे आठवले, तर कोणी न सांगताही शिक्षक मनाशी काही अंदाज बांधतात. हजेरीपटाचा हा एक न सांगितलेला उपयोग आहे. वृद्धाश्रमात असा हजेरीपट नसतो. तेथील आजी-आजोबा खोकू लागले तरी गैरहजर राहत नाहीत, शेजारच्या खाटेवरच असतात. त्यात 'म्हातारपणी खोकला असायचाच' असे म्हणून तो सोडून देण्याची आपल्याला सवय.

अशा ठिकाणी किती जण आजारी पडले म्हणजे साथ समजायची, चाचणी कोणाची करायची आणि कोणाला कळवायचे, हे प्रश्न वरवर पाहता कागदी कामकाजाचे वाटतात. तसे ते नाहीत. २०२०च्या सुरुवातीला अमेरिकेत जे घडले त्यावरून आपण हे समजून घेऊ.

वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल शहराला लागून किर्कलंड नावाचे गाव आहे. तेथे एक मोठे शुश्रूषागृह होते, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांनी राहावे आणि परिचारिकांनी त्यांची काळजी घ्यावी अशी जागा. फेब्रुवारीत तेथे ताप-खोकल्याचे रुग्ण वाढू लागले. दिवस हिवाळ्याचे होते. साहजिकच इन्फ्लुएन्झाची शंका आली आणि काही जणांची झटपट चाचणी झाली. सगळ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. २८ फेब्रुवारीला तेथल्या एका रहिवासी बाईंना कोविड झाल्याचे निश्चित झाले, तेव्हा रहिवासी आणि कर्मचारी मिळून निदान ४५ जणांना श्वसनविकाराची लक्षणे होती. १८ मार्चपर्यंत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीला आलेली माणसे बाधित निघाली. रहिवाशांपैकी ३४ जण दगावले.

कोणावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या वेळी अमेरिकेत कोविडची चाचणी मुख्यतः बाधित देशातून प्रवास करून आलेल्यांची किंवा त्यांच्या संपर्कातल्यांची होत असे. शुश्रूषागृहातले म्हातारे कोठे प्रवासाला जाणार? पण इन्फ्लुएन्झाच्या त्या निगेटिव्ह चाचण्यांकडे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात शिकवण्याजोगे गणित आहे.

इन्फ्लुएन्झाची झटपट चाचणी फारशी तीक्ष्ण नसते. खरोखर बाधित असलेल्या शंभर जणांपैकी साधारण ५० ते ७० जणांनाच ती पकडते. आपण ६० धरू. म्हणजे एखाद्या बाधित माणसाची चाचणी निगेटिव्ह येण्याची शक्यता ०.४ इतकी मोठी आहे. अशा एकाच चाचणीवर विसंबून 'हा फ्लू नाही' असे म्हणता येणार नाही. पण पाच जणांची चाचणी केली, पाचही जण फ्लूनेच आजारी आहेत असे मानले, तर पाचही चाचण्या चुकण्याची शक्यता किती? ०.४ ला पाच वेळा गुणले की ०.०१०२४ येते, म्हणजे शंभरात सुमारे एक. एका माणसाच्या बाबतीत कुचकामी ठरलेली चाचणी पाच जणांवर केली की घराबद्दल बरेच खात्रीने बोलू लागते.

येथे एक अट आहे. हा गुणाकार करताना प्रत्येक चाचणीची चूक स्वतंत्र आहे असे आपण गृहीत धरले. एकाच व्यक्तीने सर्वांचे नमुने चुकीच्या पद्धतीने घेतले, किंवा आजार सुरू होऊन आठवडा उलटल्यावर घेतले, तर चुकाही एकत्रच होतील आणि गुणाकार लागू पडणार नाही. म्हणून नमुने नुकत्याच आजारी पडलेल्यांचे घ्यावेत.

अनेक जण खोकत आहेत आणि बऱ्याच जणांची फ्लूची चाचणी निगेटिव्ह आहे, याचा अर्थ 'काळजी नको' असा होत नाही. 'घरात साथ आहे आणि तिचे कारण आपल्याला ठाऊक नाही', असा तो होतो. कळवण्याची सर्वांत जास्त गरज अशाच वेळी असते. चाचणी माणसाची केली जाते, पण वृद्धाश्रमात तिचा अर्थ मात्र संपूर्ण घराकडे पाहून लावावा लागतो.

आता लक्षणांविषयी. ताप आला तरच आजारी समजायचे, हा नियम म्हाताऱ्या माणसांना लावला तर फसगत होते. वयोमानाने शरीराचे नेहमीचे तापमान थोडे खाली असते आणि तापही पुरता चढत नाही. म्हणून अशा संस्थांतील वृद्धांसाठी अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांनी वेगळी मोजपट्टी सुचवली आहे. तोंडातील तापमान एकदा जरी १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले तरी तो ताप समजावा. नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त वाढ झाली तरीही समजावा. ज्या आजींचे तापमान रोज ९७ भरते त्यांना ९९.२ म्हणजे तापच. अर्थात हे ओळखायचे तर 'रोजचे ९७' कोठेतरी लिहिलेले हवे. कित्येकदा तापही नसतो. जेवण सुटणे, अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे किंवा तोल जाऊन पडणे एवढेच दिसते.

आणि लक्षणे मुळीच नसली तर? किर्कलंड किंग परगण्यात येते. त्याच परगण्यातील दुसऱ्या एका शुश्रूषागृहात कर्मचाऱ्याला लागण झाल्याचे १ मार्च २०२० रोजी कळले. पुढे १३ मार्चला आणि त्यानंतर आठवड्याभराने, लक्षणे असोत वा नसोत, राजी असलेल्या सर्व रहिवाशांची पीसीआर चाचणी करण्यात आली. तपासलेल्या ७६ जणांपैकी ४८ पॉझिटिव्ह निघाले. त्यांतील २७ जणांना चाचणीच्या दिवशी काहीही होत नव्हते! पुढे त्यांपैकी २४ जणांना लक्षणे दिसू लागली. मध्यक काढला तर चार दिवसांनी.

पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती काढतात आणि प्रत्येक फेरीत त्या दुप्पट होतात. नमुन्यात विषाणू जितके जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत ते दिसतात. दोन नमुन्यांत दहा फेऱ्यांचा फरक असेल तर विषाणूंच्या प्रमाणात २ चा दहावा घात, म्हणजे सुमारे हजारपटीचा फरक असतो. या शुश्रूषागृहात लक्षणे असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या फेऱ्या जवळपास सारख्याच भरल्या. इतकेच नव्हे, तर नंतर लक्षणे दिसलेल्या त्या २४ पैकी १७ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आले. फक्त खोकणाऱ्यांना वेगळे ठेवून साथ का थांबत नव्हती, ते यावरून उघड झाले. पहिला रहिवासी पॉझिटिव्ह आल्यापासून २३ दिवसांत ८९ पैकी ५७ जण बाधित झाले होते. ३ एप्रिलपर्यंत त्यांतील १५ जणांचा मृत्यू झाला.

मग किती रुग्णांवर कळवायचे? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या इन्फ्लुएन्झाविषयीच्या सूचनेत ७२ तासांच्या आत दोन रहिवासी आजारी पडणे हा इशारा मानला आहे. इंग्लंडमध्ये पाच दिवसांच्या आत एकमेकांशी संबंधित दोन रुग्ण, असा आकडा धरतात. दोनच रुग्ण म्हणजे उगाच घाबरटपणा वाटेल. करून पाहू. ६० जणांच्या आश्रमात प्रत्येकाला वर्षातून एकदा सर्दी-खोकला होतो आणि तो पूर्णपणे योगायोगाने होतो, असे समजू. तर तीन दिवसांत सरासरी ०.४९ रुग्ण होतील आणि निव्वळ योगायोगाने दोन किंवा अधिक रुग्ण आढळण्याची शक्यता सुमारे ९ टक्के येईल. (बारावीच्या विद्यार्थ्यांनी प्वासाँचे सूत्र वापरून हे पडताळावे.) म्हणजे काही वेळा फोन फुकट जाणार, हे नियम करणाऱ्यांना माहीत आहे. फुकट गेलेल्या फोनची किंमत काही मिनिटे. उलट, इन्फ्लुएन्झाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी दोनच दिवस लागतात. चार दिवस वाट पाहिली तर एव्हाना दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आजार गेलेला असतो.

घाईला औषधाचेही कारण आहे. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. आश्रमात फ्लूची साथ आहे असे ठरले, तर अमेरिकेत ते आजारी नसलेल्या रहिवाशांनाही प्रतिबंधक म्हणून निदान दोन आठवडे आणि शेवटच्या रुग्णानंतर सात दिवस होईपर्यंत देतात. पण हे औषध फक्त फ्लूवर चालते. कोविडवर किंवा श्वसनमार्गाच्या इतर विषाणूंवर ते काही करत नाही. म्हणून कळवायला चाचणीच्या निकालाची वाट पाहायची नाही, तरी चाचणी हवीच.

कळवले का जात नाही, हेही सांगायला हवे. संस्थेचे नाव वर्तमानपत्रात येईल, नातेवाईक धावत येतील, नवीन माणसे दाखल होणार नाहीत, अशी धास्ती चालकांना असते. आजारी म्हणून घरी राहिले तर रोज बुडतो, म्हणून आया आणि स्वयंपाकी अंगावर काढतात. काही जण दोन ठिकाणी कामाला जातात. किर्कलंडच्या साथीनंतर परगण्यातील इतर शुश्रूषागृहांतही रुग्ण सापडले, त्यामागे एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारी हे एक कारण तपासात पुढे आले. पगारी रजा दिल्याशिवाय नुसते नियम सांगून येथे काही साधणार नाही, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२१मध्ये ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोविड झाल्याचे आढळले होते. लसीचे दोन्ही डोस घेतलेले लोकही त्यांत होते. साथीच्या आजारांची माहिती गोळा करणारी व्यवस्था आपल्याकडे २००४पासून आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम असे तिचे नाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वेक्षण कक्ष, असा तिचा मार्ग आहे. साथीची शंका शिक्षकही कळवू शकतात. आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांची स्थिती या बाबतीत वृद्धाश्रमासारखीच असते. एका खोलीत अनेक खाटा, एकच पंगत.

आम्ही एका वृद्धाश्रमात गेलो असता औषधांची वही मोठी नीटनेटकी ठेवलेली पाहिली. पण पहिला खोकला कोणाला आणि कोणत्या तारखेला सुरू झाला, असे विचारल्यावर 'चार-पाच दिवस झाले असतील' एवढेच उत्तर मिळाले. तपासाला येणारा डॉक्टर पहिली मागतो ती नेमकी हीच यादी: नाव, वय, खोली, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, लक्षणे कोणती, नमुना कधी घेतला, निकाल काय. एका वहीत उभ्या रेघा आखल्या की झाले.

ही यादी शाळेतही करता येईल. हिवाळ्यातील दोन महिने वर्गातील सर्दी-खोकल्याची नोंद ठेवावी आणि तिचा स्तंभालेख काढावा. मात्र आडव्या अक्षावर मुले गैरहजर राहिल्याची तारीख घालू नये, लक्षणे सुरू झाल्याची घालावी. दोन्ही आलेख काढून शेजारी ठेवले तर शिखर किती दिवसांनी सरकते ते विद्यार्थ्यांना दिसेल. आणि वसतिगृहात हा प्रयोग केला, तर आणखी एक आकडा काढावा: दुसऱ्या रुग्णाला खोकला सुरू झाल्यापासून आरोग्य केंद्राला फोन जाईपर्यंत किती दिवस गेले.