चाई, काकतालीय न्याय आणि रुग्णांची नोंदवही

मांजर्लीतल्या मागच्या व्याख्यानात आम्ही 'पुरावा म्हणजे काय' यावर बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक ताई थांबल्या. सातवीतल्या मुलीच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडलेली. वर्गात शेजारी कुणी बसेना. ताईंनी विचारलं, "सर, शेजारच्या मुलाला कांद्याचा रस लावला, त्याचे केस आले. आम्हीही लावला, नाही आले. आमचं काय चुकलं?" आम्ही डॉक्टर नाही, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच तर्काचाही आहे.

आधी चाई म्हणजे काय ते पाहू. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. हा संसर्ग नव्हे. कंगव्याने, टोपीने पसरत नाही. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी ती होते. मुळं मरत नाहीत, म्हणून लहान चट्टा पुष्कळदा वर्षभरात आपणहून भरून येतो.

गोम इथेच आहे. केस आपणहून येणार असतील आणि त्याच सुमारास आपण कांदा लावला, तर श्रेय कुणाचं? आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कांदा लावला आणि केस आले, हा झाला अन्वय. कांदा न लावता काय होतं, हा व्यतिरेक. तो कुणी पाहिलाच नाही. शिवाय ज्यांचे केस आले नाहीत, ते काही गल्लीत सांगत फिरत नाहीत. कांदा निरुपयोगीच आहे असं आम्ही म्हणत नाही. एका मुलावरून ते ठरत नाही, एवढंच.

मग ठरवायचं कसं? त्यासाठी पुष्कळ रुग्णांची, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद लागते. तिला रजिस्ट्री म्हणतात. बदलापूरकरांना रजिस्ट्री म्हटलं की फ्लॅट आठवतो! ही रजिस्ट्री आजाराची.

शेगाव तालुक्यातली गोष्ट तुम्ही वाचली असेल. २०२४च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५च्या जानेवारीत तिथल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळाले. ती चाई नव्हती. गावच्या गाव दिसलं, म्हणून पथकं आली, पाणी तपासलं, रक्त तपासलं, डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. चाईचं तसं नाही. ती या इमारतीत एकाला, पलीकडच्या आळीत एकाला. तिला गाव नाही. विखुरलेल्यांना कागदावर एकत्र आणलं, तरच तिचं गाव दिसतं.

अमेरिकेत २०००च्या सुमारास चाईची अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. आजार कोणत्या वयात आला, किती पसरला, घरात आणखी कुणाला, थायरॉइड आहे का, हे विचारलं. रक्ताचे नमुने जपले. त्यांच्या आधारे कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला ख्रिस्तियानो यांच्या गटाने २०१०मध्ये १,०५४ रुग्णांची जनुकं ३,२७८ निरोगी लोकांशी ताडून पाहिली. ख्रिस्तियानोंना स्वतःलाही चाई झालेली. निरोगी लोक कशाला? तोच आपला व्यतिरेक! दिसलं असं, की चाईची काही जनुकं संधिवात आणि बालवयातल्या मधुमेहाशी सामायिक आहेत. त्या धाग्यावरून पुढे प्रयोग झाले, चाचण्या झाल्या, आणि २०२२मध्ये संधिवाताचं बॅरिसिटिनिब हे औषध तिथे प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं. नोंदवहीने औषध सिद्ध केलं नाही. कुठे शोधायचं ते दाखवलं. आणि ते औषध जपून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात.

नोंदवहीलाही डोळे असतात, आणि आंधळी बाजूही. मोठ्या रुग्णालयात पोचतो त्याचीच नोंद झाली, तर आजार आहे त्याहून भयंकर दिसेल. चट्टा घरीच भरलेला माणूस त्यात येतच नाही. महाराष्ट्राला हे ठाऊक आहे. १९६३मध्ये मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, १९८७मध्ये बार्शीत ग्रामीण भागाची. बार्शीचे कार्यकर्ते रुग्ण येण्याची वाट पाहत बसले नाहीत. गावोगावी जाऊन लोकांशी बोलले. मोजायचं तर न आलेल्यालाही मोजावं लागतं.

आता शेवटचा मुद्दा. नोंदवहीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. त्याची संमती हवी, नाव गुप्त हवं. आणि त्याला स्वच्छ सांगायला हवं, की याचा फायदा तुला होईलच असं नाही, कदाचित तुझ्यानंतरच्याला होईल. लोक तरीही रक्त देतात. आम्हाला यात मोठी नीती दिसते.

त्या ताईंना आम्ही म्हटलं, "तुमचं काही चुकलेलं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दर महिन्याला त्याच जागेचा फोटो काढा, तारीख लिहा, काय लावलं तेही लिहा." ही झाली एका माणसाची नोंदवही. आणि वर्गशिक्षिकेला जाऊन सांगा, की हे पसरत नाही. केसांना वेळ लागेल. पण बाकावरची शेजारची जागा उद्याच भरायला हवी.