ऊसतोडीचा हंगाम आणि काविळीचे दिवस

डोळे पिवळे दिसले की कावीळ झाली, असं आपण म्हणतो. खरं तर तोवर विषाणू अंगात शिरून साधारण महिना उलटलेला असतो. ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हा मधला महिनाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग बागायती पट्ट्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. कारखाने वाढले, पण तोडकऱ्यांच्या कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, पाणी होतं तसंच राहिलं. ऊस ज्या फडात, त्याच्या जवळपासची विहीर, बोअर नाहीतर पाटचारी. हंडा तिथेच भरायचा. शौचालय नाही, त्यामुळे पहाटे त्याच बांधाआड जायचं. हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंना याहून जास्त काही लागत नाही. रोग्याच्या विष्ठेतून ते पाण्यात उतरतात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात.

ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, पुष्कळदा कळतही नाही, आणि पुन्हा होत नाही. ईचं तसं नाही. तो मुख्यतः पंधरा ते चाळीस वयाच्या, म्हणजे कोयता चालवणाऱ्या माणसालाच गाठतो. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. तो ईच होता, हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून दाखवलं. यंत्रमागांच्या इचलकरंजीत २०१२ साली त्याचीच मोठी साथ आली होती.

ई शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. जानेवारीत एका फडावर प्यालेलं पाणी मार्चमध्ये दुसऱ्याच शिवारात, नाहीतर गावी परतल्यावर बाधतं. २०२५च्या उन्हाळ्यात अकोले तालुक्यातल्या राजूरला काविळीची साथ आली, तेव्हा गाव एका जागी होतं. रोगी मोजता आले, पाणी तपासता आलं. टोळीतले दहा जण दहा गावांत आजारी पडतात, तेव्हा त्याला साथ म्हणणार कोण?

त्यात भूक मरणं, मळमळ, कणकण ही सुरुवातीची लक्षणं थकव्यावर ढकलली जातात, कारण खाडा पडला की उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब बिघडतो. विषाणू मात्र डोळे पिवळे होण्याच्या आधीपासूनच विष्ठेतून बाहेर पडत असतो. गरोदर बाई त्या अवस्थेतही मोळ्या वाहते, हे फार वाईट आहे. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

गावी गेल्यावर कावीळ उतरवणारा गाठतात. हात चोळले की परातीतलं पाणी पिवळं होतं आणि कावीळ निघाली असं वाटतं. ए आणि ई बहुधा काही आठवड्यांत आपोआपच ओसरतात, म्हणून श्रेय त्याला मिळतं. पण हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, दुसऱ्यावर वापरलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून. बी आईकडून बाळालाही जातो. ते वर्षानुवर्षं गप्प राहून यकृत पोखरतात. म्हणून कावीळ कुठलीही असो, रक्त तपासून घ्यायलाच हवं. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

पाण्याचा उपाय महाग नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि नळीत पाणी घेऊन, ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून रंग बघतो. पिवळसर छटा आली म्हणजे क्लोरीन उरलेलं आहे. हीच तपासणी कोप्यांवरच्या पाण्याची व्हावी. ऊस कारखान्याला जातो, तेव्हा टँकर आणि क्लोरीन ही कारखान्याचीच जबाबदारी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण टाकून अर्धा तास थांबावं, नाहीतर पाचट जाळून पाणी खळखळून उकळावं.

बी पाण्यातून येत नाही, पण त्याला लस आहे, आणि ती हंगामाच्या वेळापत्रकात नीट बसते. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात: पहिला सप्टेंबरात, दुसरा निघण्याआधी ऑक्टोबरात, तिसरा मार्चमध्ये, पट्टा पडून म्हणजे हंगाम संपून गावी आल्यावर. बाळाला मात्र पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत हवा, म्हणून कोपीवर बाळंतपण होऊ न देता बाईला आधीच दवाखान्यात न्यावं.