मांजर कोणाचे?

दुपारी गॅलरीतून आत येणारे, बशीतले दूध पिऊन पुन्हा कुंपणाच्या भिंतीवरून दिसेनासे होणारे मांजर अनेक घरांत असते. त्याला नाव असते. आजींच्या मांडीवर झोपण्याची त्याची वेळही ठरलेली असते. मात्र ‘हे मांजर तुमचे का?’ असे कोणी विचारले, की उत्तर येते, ‘छे, ते आपले येते-जाते.’ घरच्या कुत्र्याविषयी असे कोणी म्हणत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, लसीकरणाची नोंद असते. मांजराच्या वाट्याला माया येते, मालक येत नाही.

या संदिग्धतेची किंमत पुष्कळदा घरातील वृद्धांना मोजावी लागते. उतारवयात त्वचा नाजूक होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर किरकोळ ओरखडाही बराच वेळ वाहतो. मधुमेहात जखम लवकर भरत नाही. कुत्र्याच्या चाव्याने झालेली जखम निदान डोळ्यांना दिसते. मांजराचे सुळे सुईसारखे असल्याने वरून केवळ दोन टिंबे दिसतात, जंतू मात्र खोलवर, प्रसंगी बोटांच्या सांध्यापर्यंत पोहोचतात. दुसऱ्या दिवशी हात सुजून लाल झाला, म्हणजे धावपळ सुरू होते.

रेबीज हा केवळ कुत्र्यांचा रोग नव्हे; तो मांजरांनाही होतो आणि त्यांच्याकडून माणसाला होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चावा वा ओरखडा होताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही तीत भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायूत दिली जाणारी लस साधारणतः ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी घेतात. रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मांजराला घरातून हाकलतील, या भीतीने ज्येष्ठ मंडळी ओरखडे लपवतात. आंघोळ घालताना हातांवर, पोटऱ्यांवर सहज नजर टाकावी आणि न रागावता विचारावे.

मालकीचा प्रश्न वैद्यकीय होतो तो येथे. चावलेले कुत्रे वा मांजर दहा दिवस निरोगी राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे मानता येते आणि डॉक्टर पुढील इंजेक्शने थांबवू शकतात. अर्थात त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिले इंजेक्शन लांबवायचे नसते. परंतु जे मांजर तीन दिवस कोठे जाते हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवणार कोण?

तेव्हा दूध ठेवणाऱ्या हातानेच पुढची कामेही स्वीकारावीत. मांजर तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढील मात्रा. नसबंदी तर लवकरच करावी. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो, आणि पिल्ले गोणीत घालून बाजारात सोडून येणे हा काही उपाय नव्हे. रात्रीचे खाणे घरातच देण्याची सवय लावली, तर बहुतेक मांजरे अंधार पडताच परततात. कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असलेल्या व्यक्तीने मांजराची विष्ठा साफ करू नये. ते काम दुसऱ्याने रोजच्या रोज करावे, कारण विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे परजीवी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात.

कुत्र्यांच्या मालकांनाही सूट नाही. सत्तरीतल्या आजोबांच्या हाती दांडगट कुत्र्याची साखळी देऊन त्यांना फिरायला पाठवणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळण्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात रक्तगट आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असतेच. तिच्यावर आणखी दोन ओळी लिहाव्यात: घरच्या प्राण्याला शेवटची लस केव्हा दिली, आणि आजी-आजोबा रुग्णालयात दाखल झाले तर त्याला खायला कोण घालणार.