स्तनाच्या कॅन्सरनंतर हात का सुजतो? उंदराच्या शेपटीत शास्त्रज्ञ याचं उत्तर का शोधत आहेत?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, रेडिएशन संपतं, रिपोर्टही चांगले येतात. मग काही महिन्यांनी, तर कधी दोन-तीन वर्षांनी त्याच बाजूच्या हातातल्या बांगड्या घट्ट होऊ लागतात. अंगठी निघत नाही. ब्लाउजची एकच बाही दंडाला रुतायला लागते.

कॅन्सर परत आलाय का, ही पहिली भीती असते आणि ती शंका डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवी. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या साधारण पाचपैकी एका महिलेला हाताची अशी सूज येत असल्याचं दिसलं. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. म्हणजे हा प्रश्न किरकोळ नाही.

पण ऑपरेशन सारखंच असताना पाचपैकी एकीचाच हात का सुजतो? बाकी चौघींचा का नाही? याचं उत्तर शोधायचं तर त्वचेखाली काय चाललंय ते बघावं लागतं, तेही सूज येण्याआधीपासून. त्यासाठी प्रयोगशाळांमध्ये उंदीर, ससे, मेंढ्या आणि डुकरं यांच्या शरीरातल्या बारीक नळ्यांची चित्रं काढली जातात.

सूज नेमकी कशामुळे येते?

हृदय रक्त ढकलतं तेव्हा केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपतात. हा द्रव गोळा करून पुन्हा रक्तात सोडण्याचं काम लसिकावाहिन्या करतात. त्यांच्यातला द्रव म्हणजे लसिका. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंतीतले स्नायूच ठोके दिल्यासारखे आकुंचन पावतात आणि आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत.

वाटेत लसिका ग्रंथी असतात. हाताच्या बहुतेक नळ्या काखेतल्या ग्रंथींकडे येतात. कॅन्सर पसरलाय का हे पाहण्यासाठी किंवा पसरलेला काढण्यासाठी याच ग्रंथी कापून काढाव्या लागतात. रेडिएशनमुळे उरलेला भागही कडक होऊ शकतो.

घरातला नळ चालू आहे आणि मोरी तुंबली आहे, अशी ही परिस्थिती. रक्तवाहिन्या म्हणजे नळ आणि लसिकावाहिन्या म्हणजे मोरी. पाण्यासोबत प्रथिनंही साचतात, तिथे दाह सुरू होतो आणि काळानुसार त्वचेखाली चरबी आणि कडक तंतू वाढतात. म्हणूनच ही सूज नुसत्या लघवीच्या गोळ्यांनी हटत नाही.

महाराष्ट्रात सुजलेल्या पायाला सरसकट हत्तीरोग म्हटलं जातं. हत्तीरोगातही लसिकावाहिन्याच बिघडतात, पण त्यामागे डासांमार्फत पसरणारे जंतू असतात. ऑपरेशननंतरच्या सुजेचा डासाशी संबंध नाही आणि ती एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

या नळ्या बघणं इतकं अवघड का?

रक्त लाल असतं, लसिका जवळजवळ रंगहीन. त्यामुळे या नळ्या शरीर उघडूनही सहज दिसत नाहीत. १६२२ मध्ये इटलीतल्या गास्पारे आसेली यांना त्या दिसल्या, त्याही योगायोगाने. नुकतंच खाणं झालेल्या कुत्र्याच्या पोटात त्यांना दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. त्या नळ्यांमध्ये जेवणातली चरबी होती. पुढे १७८७ मध्ये पाओलो मास्कान्यी यांनी मृतदेहांमध्ये पारा भरून माणसाच्या लसिकावाहिन्यांचा तपशीलवार नकाशा छापला.

जिवंत माणसात हे १९५२ च्या सुमारास लंडनच्या जॉन किनमंथ यांनी जमवलं. निळ्या रंगाने नळी शोधायची, त्वचा कापून तिच्यात सुई घालायची आणि एक्स-रेवर दिसणारं औषध सोडायचं. पद्धत चालायची, पण किचकट आणि त्रासदायक होती.

आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा रंग आहे इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये मंजुरी मिळाली. त्वचेत टोचल्यावर तो प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे रक्तवाहिनीत न शिरता लसिकावाहिनीत ओढला जातो. विशिष्ट प्रकाश टाकला की तो डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात चमकतो आणि कॅमेऱ्याला त्वचेखालची नळी थेट दिसते.

मग उंदराची शेपटीच का?

शेपटी लांब, बारीक आणि केस कमी असलेली असते. तिच्यातल्या मुख्य लसिकावाहिन्या दोन्ही कडेच्या शिरांच्या जवळून जातात. शास्त्रज्ञ उंदराला भूल देऊन शेपटीच्या मुळाजवळ काही मिलीमीटर रुंदीची त्वचेची गोल पट्टी काढतात. लसिकावाहिन्या बंद करतात, शिरा मात्र शाबूत ठेवतात. शेपटी सुजते, दोन-तीन आठवड्यांत सूज सर्वाधिक होते आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरू लागते.

दुसऱ्या पद्धतीत मागच्या पायातल्या ग्रंथी काढून रेडिएशन दिलं जातं. ते माणसाच्या काखेतल्या ऑपरेशनशी जास्त जुळतं. मेंढ्या आणि डुकरं महाग पडतात, पण त्यांच्या नळ्यांचा आकार माणसाच्या जवळ जातो.

चित्र कसं काढतात?

इंडोसायनिन ग्रीन टोचून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने व्हिडिओ घेतला की मिनिटाला नळी किती वेळा आकुंचन पावते हे मोजता येतं. शेपटीला बीपीच्या पट्ट्यासारखा छोटा पट्टा बांधून प्रवाह थांबवतात, मग दाब हळूहळू सोडतात. रंग कोणत्या दाबाला पुढे सरकतो, त्यावरून नळीची ताकद कळते. अर्थात रंग जपून वापरावा लागतो. त्याचं प्रमाण जास्त झालं तर नळीची आकुंचनं मंदावू शकतात.

दुसरं तंत्र आहे फोटोअकॉस्टिक इमेजिंग. त्यात लेझरचा क्षणिक झोत टाकला जातो. तो शोषून घेणारी वस्तू किंचित तापते, प्रसरण पावते आणि सूक्ष्म ध्वनिलहर सोडते. ती सोनोग्राफीसारख्या यंत्राने टिपतात. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश स्वतःच शोषतं, लसिकावाहिन्यांमध्ये रंग सोडलेला असतो. लेझरची तरंगलांबी बदलली की दोन्ही प्रकारच्या नळ्या एकाच चित्रात वेगवेगळ्या दाखवता येतात.

दोन्ही एकत्र बघणं महत्त्वाचं आहे, कारण दाह झाला की रक्तवाहिन्या जास्त झिरपतात. मोरी तुंबलेली असताना नळही मोठा सोडावा, तसं होतं. एकच बाजू पाहिली तर अर्धंच कारण कळतं.

यातून काय कळलं?

सूज म्हणजे फक्त कापलेली नळी नव्हे, हे स्पष्ट झालं. सीडी४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांमध्ये तशीच जखम करूनही सूज खूप कमी आली. दाह झालेल्या जागी रोगप्रतिकारक पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्यामुळे शाबूत नळ्यांची आकुंचनंही मंदावतात, असंही उंदरांमध्ये आढळलं. म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिक्रियाच आजार वाढवू शकते. सारखं ऑपरेशन होऊनही परिणाम वेगवेगळे का, याचा एक धागा इथे मिळतो.

उंदराला लागू पडलेलं औषध माणसालाही लागू पडतं का?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ल्युकोट्राइन बी४ या दाहकारक रेणूला अडवल्यावर उंदराच्या शेपटीची सूज कमी होते, हे दाखवलं. त्यासाठी युबेनिमेक्स हे औषध वापरलं होतं. आशा वाढल्या. पण पायाच्या लिम्फेडेमाच्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते अपयशी ठरलं, असं २०१८ मध्ये जाहीर झालं.

फिनलंडमध्ये नव्या लसिकावाहिन्या वाढवणारी जनुकीय उपचारपद्धती प्राण्यांमध्ये आशादायक ठरली होती. २०२१ मध्ये माणसांवरच्या चाचणीत तिचाही ठोस फायदा दिसला नाही.

असं का झालं असावं, याची काही कारणं समोरच दिसतात. उंदराची सूज काही आठवड्यांत उतरू लागते, माणसाची वर्षानुवर्षं राहते. उंदराला औषध जखमेनंतर काही दिवसांतच मिळतं. रुग्णाच्या हातापायात मात्र तोवर चरबी आणि तंतू साचलेले असतात. शिवाय नवी नळी उगवली म्हणजे ती द्रव वाहून नेईलच असं नाही.

म्हणूनच इमेजिंगला महत्त्व आहे. शेपटीचा घेर मोजला तर फक्त सूज उतरली एवढंच कळतं. नळी खरंच काम करू लागली का, हे चित्रातून दिसतं. त्यात प्राण्याला न मारता त्याच प्राण्याची तपासणी अनेक आठवडे करता येते, त्यामुळे प्रयोगाला कमी प्राणी लागतात. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या देखरेखीत करावे लागतात.

रुग्णांपर्यंत काय पोहोचलं?

औषध अजून नाही, पण कॅमेरा पोहोचला आहे. निरोगी हातात इंडोसायनिन ग्रीनच्या सरळ रेषा दिसतात. नळ्या बिघडल्या की रंग मागे फिरून त्वचेत पसरतो. हा बदल डोळ्यांना सूज दिसण्याच्या काही महिने आधीही दिसू शकतो. ०.८ मिलीमीटरपेक्षा बारीक लसिकावाहिनी शेजारच्या शिरेला जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन हाच नकाशा वापरतात. भारतातल्या काही मोठ्या रुग्णालयांतही हे ऑपरेशन होतं.

मुळात सूज येऊच नये यासाठी आता शक्य असेल तिथे सगळ्या ग्रंथी न काढता आधी एक-दोनच काढून तपासतात. २०१३ च्या त्याच आढाव्यात सगळ्या ग्रंथी काढलेल्या सुमारे २० टक्के महिलांना सूज आली होती, मोजक्या काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होतं.

काय लक्षात ठेवायचं?

हात जड वाटणं, कपडे किंवा दागिने घट्ट होणं, त्वचा ताणल्यासारखी वाटणं ही सुरुवातीची लक्षणं आहेत. हात लाल आणि गरम झाला, ताप आला तर संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाब देणारी बाही, विशिष्ट मसाज, व्यायाम आणि त्वचेची काळजी हेच आजचे मुख्य उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं. बाहीचं माप आणि व्यायाम तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. 'उंदरांवर यशस्वी' अशी फॉरवर्ड पोस्ट आली, तर माणसांवरच्या चाचणीचं काय झालं, हे आधी बघा.