कोकणातला ऑरेंज अलर्ट, बीडची पेरणी

पावसाळा आला की आठवडाभराच्या अंदाजाचे रंगीत नकाशे मोबाईलवर फिरू लागतात. चिपळूणहून खालाजानचा फोन येतो, ‘इथे ऑरेंज अलर्ट आहे’, आणि इकडे बीडमध्ये आम्ही बियाण्याची पिशवी उघडतो. गफलत इथेच होते.

अलर्ट जिल्ह्यानुसार असतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून कोकणात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पायथ्याच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही नाही! मराठवाड्याला चांगला पाऊस बहुतेकदा बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाल्यावर मिळतो. तेव्हा आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नये. नाहीतर दुबार पेरणी, पुन्हा कर्ज.

कोकणवाल्यांनी मात्र रंगासोबत चांदही पाहावा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेला, समुद्राला उधाण येतं. त्यातच मुसळधार पाऊस झाला तर नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, गावात शिरतं. २०२१ मध्ये बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत होतं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

आणि हो, अंदाजातले पहिले दोन-तीन दिवस जास्त भरवशाचे. सातव्या दिवसाच्या उन्हावर निकाहचा मांडव ठरवू नका.